शुद्धी करून लग्न, चर्च, की नोंदणी? घरात पेच पडलाय

निफाडकडची_काकू

नमस्कार मंडळी. आजवर इथे द्राक्षांवरच्या डावणी रोगाच्या फवारणीबद्दल विचारलंय आणि एकदा गुडघ्यांबद्दल. आजचा प्रश्न घरचा आहे. गावाचं नाव सांगत नाही, तालुक्यावर भागवून घ्या.

मुलगा २९ वर्षांचा, नाशिकला कारखान्यात मेंटेनन्सला. त्याने पसंत केलेली मुलगी नगरची. ख्रिस्ती आहे, पणजोबांपासून. नाशिकमध्येच फिजिओथेरपी करते. माझ्या गुडघ्यांचे व्यायाम तिनेच शिकवले, तेव्हा ही कोण हे मला माहीत नव्हतं. (त्या धाग्यावर ज्यांनी लेप सांगितले होते त्यांचे आभार. फरक व्यायामानेच पडला.)

मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. थोरले दीर, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, घरचे कर्ते. ६ एकर २० गुंठे बाग, सातबारा सामाईक. आप्पांचं नाव आहे, मिस्टरांच्या जागी माझं, मुलाचं आणि मुलीचं. आप्पा वाईट माणूस नाहीत. मिस्टर गेले त्या वर्षी आमच्या वाटच्या बागेची छाटणी त्यांनीच करून घेतली आणि मजुरीचा हिशोब कधी काढला नाही. म्हणून त्यांना तोंडावर नाही म्हणणं मला जड जातं.

आप्पांचं म्हणणं, लग्नाला ना नाही, पण मुलीने आधी हिंदू व्हावं. त्यांनी एक एजंट शोधलाय. मी स्वतः त्याच्याशी फोनवर बोलले. अकरा हजारांत शुद्धी, होम, सप्तपदी, फोटो आणि दोन सर्टिफिकेटं. "सकाळी दहाला या ताई, दुपारी जेवायला घरी." वर विचारतो, मुलीचं नवीन नाव काय ठेवायचं? म्हटलं, तिला नाव आहे. तर म्हणाला, "राशीवरून काढून देऊ, त्याचे वेगळे घेत नाही."

मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती माझ्या पायाला पट्टा बांधत होती. पट्टा नीट बसेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तुमच्या देवघरात मी दिवा लावीन, मला त्यात काही वाटणार नाही. पण मी आता ख्रिस्ती नाही असं सहीनिशी लिहायचं, आणि येत्या रविवारी उपासनेला जायचं, हे खोटं नाही का?"

मला उत्तर आलं नाही.

तिकडे तिच्या आजोबांना चर्चमध्ये लग्न हवंय. त्यांच्या पाळकांनी सांगितलं, मुलाने बाप्तिस्मा घेतला तर लावू. आता आप्पांना हे कळलं तर काय होईल ते सांगायला नको. मुलगा म्हणतो, रजिस्टर करू, विषय संपला. त्यावर आप्पा म्हणतात, रजिस्टर केलंस की तू घरातून बाहेर, जमिनीतला हिस्सा गेला, कायद्यातच तसं आहे. त्यांना हे बाजार समितीत कोणीतरी सांगितलंय.

तर विचारायचंय ते असं. अशी तीन तासांची शुद्धी खरी धरतात का? रजिस्टर लग्नाने मुलाचा हिस्सा जातो का? आणि पाळकांचं ऐकलं तर काय होतं?

अजून एक, प्रश्न नाही, पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते. १९९१ साली माझं लग्न झालं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि मिस्टरांनी अंगठीने नाव काढलं. मी बाजूला बसलेली, अक्षरं तिरकी दिसत होती, पहिलं अक्षर स आहे की म तेच कळेना. सगळे टाळ्या वाजवायला लागले तेव्हा समजलं की ते माझं नाव. चौतीस वर्षं त्याच नावाने जगतेय आणि ते नाव मला आवडतंसुद्धा. पण वाचायला लागलं होतं, एवढंच.

---

सडेतोड_माणूस

काकू, उगाच गुंता करताय. लग्न म्हटलं की एकाने वाकायचं असतंच. मुलगी सासरी येते, तिने सासरचं घ्यावं. हजार वर्षं चाललंय. अकरा हजार म्हणजे काय, मांडवाच्या झालरींना त्याहून जास्त जातात. सर्टिफिकेट घ्या, फाइलला लावा, मग रविवारी ती कुठे जाते हे कोण बघायला येणार आहे?

---

फेरफार_नंबर

तलाठी म्हणून ३१ वर्षं काढली, त्यातली नऊ तुमच्या शेजारच्या तालुक्यात. फक्त जमिनीचं सांगतो. धर्माचं सांगायला इथे पुष्कळ आहेत.

बाजार समितीतल्या माणसाने अर्धं बरोबर सांगितलंय, आणि अर्धं बरोबर असलेलं फार त्रास देतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात कलम १९ आहे. एकत्र कुटुंबातल्या हिंदूने त्या कायद्याखाली लग्न केलं की तो कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. आता 'विभक्त' हा शब्द नीट ऐका. विभक्त म्हणजे बेदखल नव्हे. भाऊ वाटणी करून वेगळा निघतो तेव्हा त्याचा हिस्सा जातो का? उलट त्याचा हिस्सा किती हे ठरून जातं. पुढच्याच कलमात लिहिलंय की त्याचे मालमत्तेचे हक्क शाबूत राहतात. सातबाऱ्यावर मुलाचं नाव आहे ते तसंच राहतं. लग्नाचा दाखला घेऊन कोणी नाव कमी करायला आला तर तलाठी त्याला चहा पाजून परत पाठवेल.

दोघंही हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांपैकी असते तर हे विभक्तपणही लागलं नसतं. १९७६ च्या दुरुस्तीने ते काढलं. तुमची होणारी सून ख्रिस्ती आहे म्हणून लागतं.

आता एक सांगतो, ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नसणार. अशा लग्नानंतर मुलाच्या मालमत्तेला हिंदू वारसा कायदा लागत नाही, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. हिंदू कायद्यात मुलगा मृत्युपत्र न करता गेला (देव न करो) तर आई, बायको आणि मुलं सारख्या वाटणीचे वारस. भारतीय वारसा कायद्यात बायकोला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. आईला काही नाही. म्हणजे बदल होतो तो आप्पांच्या वाट्यात नाही, मुलाच्याही नाही. तुमच्या वाट्यात होतो. उपाय सोपा आहे, मुलाने मृत्युपत्र करायचं.

आणि काकू, राग मानू नका. अशा घरांत देव आडवा येत नाही, विहीर आडवी येते. विहीर कोणाच्या गटात आहे? पाइपलाइन कोणाच्या बांधावरून जाते? सोसायटीचं पीककर्ज दोघांच्या नावावर आहे ना? विभक्त हा शब्द ऐकल्यावर कर्त्या माणसाच्या पोटात गोळा येतो तो 'आता वाटप मागतील' म्हणून. महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज आला की मोजणी, आणि मोजणी आली की भांडण. आप्पांना एकदा तेवढंच विचारून बघा.

---

ॲड_कोर्टाच्या_पायरीवरून

काकू, शुद्धी आणि चर्चबद्दल. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. अशी 'दुपारी जेवायला घरी' छापाची लग्नं माझ्याकडे येतात ती चार-पाच वर्षांनी येतात, दोघांपैकी एकाला ते लग्न झालंच नव्हतं असं म्हणायचं असतं तेव्हा.

हिंदू विवाह कायद्याने लग्न लावायचं तर दोघंही लग्नाच्या दिवशी हिंदू पाहिजेत. आंध्रातलं एक प्रकरण २००८ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. मुलगा ख्रिस्ती, मुलगी हिंदू, देवळात लग्न, वर त्याची रीतसर नोंदणीही झालेली. न्यायालयाने लग्न रद्दबातल ठरवलं. नोंदणीच्या कागदाने नसलेलं लग्न उभं राहत नाही.

आता दुसरी बाजू, कारण सडेतोड दादांना वाटेल मी एकाच अंगाने बोलतेय. दक्षिणेतल्या पेरुमल नाडार यांच्या प्रकरणात नेमकं तुमच्यासारखंच होतं. नवरा हिंदू, बायको ख्रिस्ती घरातली, १९५० साली हिंदू पद्धतीने लग्न, शुद्धी वगैरे काही नाही. पुढे भांडण कोर्टात गेल्यावर नवऱ्याच्या बाजूने म्हणणं आलं की ती हिंदू झालीच नव्हती, सबब लग्नच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ते फेटाळलं. धर्मांतराला ठरावीक विधी लागत नाही, खरा मनोदय आणि त्याला साजेसं वागणं लागतं, असं म्हटलं. म्हणजे होम न करताही माणूस हिंदू होऊ शकतो, आणि होम करून, फोटो काढूनही होत नाही, जर मनात नसेल तर. तुमची सून तर आधीच सांगतेय की तिच्या मनात नाही, रविवारी ती उपासनेला जाणार आहे. दादा म्हणतात कोण बघायला येणार आहे. एरवी कोणी येत नाही. भांडण झालं की सगळे येतात, शेजारीसुद्धा साक्ष द्यायला येतात.

चर्चचं. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतो. बाप्तिस्म्याची अट पाळकांच्या मंडळीची असेल, कायद्याची नाही. पण मुलाने बाप्तिस्मा घेतलाच तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्याचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही, १८५० पासून तो सुरक्षित आहे. मात्र हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ नुसार धर्मांतरानंतर झालेली त्याची मुलं हिंदू नातेवाइकांची वारस होऊ शकत नाहीत, वारसा उघडतो त्या वेळी ती स्वतः हिंदू असतील तरच होतात. म्हणजे तुमच्या नावावरचा हिस्सा नातवंडांकडे जाताना अडचण. नोंदणी विवाहात मुलगा धर्म सोडतच नाही, त्यामुळे हे कलम लागत नाही.

मी असते तर विशेष विवाह कायद्याने गेले असते. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत असला पाहिजे, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, मग ३० दिवस थांबायचं, नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न, तीन साक्षीदार. हरकत कोणीही घेऊ शकतो, पण हरकतीची कारणं ठरलेली आहेत: वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, मानसिक क्षमता. 'काकांना पसंत नाही' हे त्या यादीत नाही. 'धर्म वेगळा' हेही नाही, कायदा त्यासाठीच आहे.

आणि नाव बदलायला कुठलाच कायदा सांगत नाही. ना तिला, ना कधी तुम्हाला सांगत होता.

---

निफाडकडची_काकू

तलाठी दादा, तुम्ही आमची विहीर बघून आलात की काय? विहीर आप्पांच्या बाजूच्या गटात आहे. पाइपलाइन आमच्या बांधावरून जाते. मी हे कुठेच लिहिलं नव्हतं.

आणि माझ्या वाट्याचं वाचून मी आधी हसले. मग रात्री झोप आली नाही, हेही खरं.

वकीलताई, शेवटची ओळ मुलीला (माझ्या मुलीला) वाचून दाखवली.

---

गोदाकाठचा_म्हातारा

वय ७६. बँकेतून निवृत्त. सकाळी वाचनालय, दुपारी हा फोन.

आप्पा ज्या कलमाला घाबरतायत त्याला शंभर वर्षं होऊन गेली, ते कुठून आलं हे त्यांना सांगा, कदाचित भीती कमी होईल. १८७२ साली इंग्रज सरकारने नोंदणी विवाहाचा पहिला कायदा केला, केशवचंद्र सेन आणि त्यांच्या ब्राह्मसमाजाने मागणी लावून धरली म्हणून. पण अट अशी, की वधूवरांनी लिहून द्यायचं: मी हिंदू नाही, ख्रिस्ती नाही, मुसलमान नाही, पारशी नाही, अशी सगळी यादी. म्हणजे जातीबाहेर लग्न करायचं तर आधी धर्म नाकारा! पंडिता रमाबाईंनी १८८० मध्ये बंगाली वकिलाशी लग्न केलं ते याच कायद्याने. तुमची सून जे म्हणते, सहीनिशी खोटं लिहिणार नाही, त्यावर तेव्हाही लोक अडले होते. किती जणांनी नाइलाजाने सही केली असेल देव जाणे.

मग विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये आंतरजातीय लग्नं कायदेशीर ठरवायचं विधेयक आणलं. केवढा गदारोळ. ते पास झालं नाही. १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांनी (नागपूरला वकिली केलेले) दुरुस्ती आणली, की हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांनी आपसात लग्न करताना धर्म नाकारायची गरज नाही. सनातनी मंडळी गप्प बसावीत म्हणून त्याच्या बदल्यात काय काय घातलं बघा. असं लग्न करणारा एकत्र कुटुंबातून विभक्त धरायचा. त्याला दत्तक घेता येणार नाही. आणि तो एकुलता एक मुलगा असेल तर त्याच्या बापाला दुसरा मुलगा दत्तक घ्यायची मुभा! मुलगा नाशिकला जिवंत, कामावर जातोय, पगार घेतोय, आणि कायदा बापाला म्हणतो, तो गेला असं समजा. दत्तकाचं १९५४ मध्ये गळलं, विभक्तपण राहिलं. आप्पांच्या मानगुटीवर बसलंय ते त्या वेळच्या तडजोडीचं भूत.

आता शुद्धीचं. आपल्या नाशिकला हे नवीन नाही. इंदूरचे तुकोजीराव होळकर गादी सोडल्यावर नॅन्सी मिलर नावाच्या अमेरिकन मुलीशी लग्न करायला निघाले. १९२८ मध्ये शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी तिला हिंदू करून घेतलं ते इथेच, नाशिकला. शर्मिष्ठा नाव ठेवलं, धनगर समाजात घेतलं, मग नर्मदेकाठी बडवाहला लग्न. त्यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. आणि दोनच वर्षांनी, १९३० च्या मार्चमध्ये, त्याच गावात काळाराम मंदिराच्या दारात आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला, देवळात पाऊल टाकू द्या म्हणून. ज्या गावात सातासमुद्रापलीकडच्या मुलीला सन्मानाने आत घेतलं, त्याच गावात पिढ्यान् पिढ्या हिंदू असलेल्या माणसांना दारात अडवलं. पुढे १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली. येवला तुमच्या शेजारी, मी सांगायला नको. धर्मांतर म्हणायचं तर त्याला म्हणावं. एकवीस वर्षं विचार केला माणसाने, आणि मग १९५६ ची नागपूरची दीक्षा. हा एजंट तीन तासांत उरकतो.

विषयांतर झालं. माझ्या बायकोचंही नाव तांदळात बदललं होतं. मी तिला पुन्हा जुन्या नावाने हाक मारायला लागलो ते साठीनंतर. तिला आवडायचं की नाही, कधी विचारलं नाही.

---

सडेतोड_माणूस

आजोबा, इतिहास ठीक. पण लोक काय म्हणतील हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. उद्या काकूंच्या घरी हळदीकुंकवाला बायका येणार का?

---

नगरची_माहेरवाशीण

येतील हो. आमच्याकडे येतात. हळदीकुंकवाचं वाण चांगलं असलं की येतातच.

काकू, मी तुमच्या सुनेच्या जागी होते, २००१ साली. माहेर नगर, ख्रिस्ती. नवरा पुण्याचा, देशस्थ ब्राह्मण. आमच्याकडेही शुद्धीचा विषय निघाला होता, फक्त पॅकेज नव्हतं, नवऱ्याच्या आत्याच्या ओळखीचे गुरुजी होते. मी नाही म्हटलं आणि नवऱ्यानेही नाही म्हटलं. ते त्याने माझ्याआधी म्हटलं, म्हणून मी आज हे लिहितेय.

नोंदणी केली. नोटीस भिंतीवरच्या काचेच्या पेटीत लागली होती. महिनाभर मी रोज ऑफिसला जाताना वाट वाकडी करून बघून यायचे, कोणी फाडली तर नाही ना. लग्नाच्या दिवशी एकमेकांना उद्देशून एक वाक्य म्हणायचं असतं, आपल्याला कळेल त्या भाषेत. 'मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो.' माझा नवरा घाबरून 'तुम्हाला' म्हणाला. विवाह अधिकारी बाई हसल्या आणि त्याला पुन्हा म्हणायला लावलं. त्या दिवशी मंगलाष्टकं नव्हती, होम नव्हता, पण ते वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं हे मला अजून बरं वाटतं.

एक गोड गैरसमज दूर करते. तुम्हाला वाटत असेल सून आली की घरात सगळं परकं होईल. आमच्या नगरकडच्या बायका मंगळसूत्र घालतात, काळे मणी, वाट्यांच्या मध्ये लहानसा क्रूस. माझ्या आईचं तसंच होतं. नाताळला आम्ही करंज्या, शंकरपाळे, चकल्याच करतो, केक मुलांसाठी. उपासनेत टिळकांची गाणी म्हणतो ती ओवी-अभंगाच्या चालीतली, तुम्हाला पहिल्या कडव्यापासून कळतील.

टिळक म्हणजे नारायण वामन. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. त्या वेळी १८६६ चा एक कायदा होता: ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याचा जोडीदार धर्माच्या कारणाने सोडून गेला, तर कोर्टात जाऊन लग्न मोडून मागता यायचं. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. लक्ष्मीबाई आधी दूर राहिल्या, मग नगरला त्यांच्याकडे आल्या, तरी सोवळंओवळं काही दिवस आपलं आपलं सांभाळलं. आणि स्वतःला पटलं तेव्हा, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. माझी आजी हे सांगताना बोटं मोजायची, पाच वर्षं, पाच वर्षं. आमच्या घरात टिळकांच्या कवितांपेक्षा या पाच वर्षांचं कौतुक जास्त.

सगळं छान झालं असं मात्र सांगणार नाही. सासूबाईंनी अकरा वर्षं मला गौरीच्या नैवेद्याला हात लावू दिला नाही. भाजी मी चिरायची, फोडणी त्यांनी द्यायची. बाराव्या वर्षी त्यांच्या हाताला प्लॅस्टर होतं. त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मेथी जरा कमी घाल." झालं तेवढंच. पुढच्या वर्षी प्लॅस्टर नव्हतं, तरी फोडणी मीच दिली.

तुम्ही सुनेला आधीच 'मला उत्तर आलं नाही' म्हणताय. माझ्या सासूबाईंना तिथे पोचायला बारा वर्षं लागली.

---

निफाडकडची_काकू

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांना एकेक उत्तर द्यायचं होतं, पण द्राक्षांची खरड छाटणी सुरू झाली आणि राहून गेलं.

तलाठी दादांचं ऐकून मी आप्पांना विचारलं. देवाचं नाव काढलं नाही. म्हटलं, आप्पा, विहिरीची काळजी आहे का? बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या नवऱ्याने आणि मी तीन उन्हाळे त्यात सुरुंग लावलेत." पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतलंय, विहिरीचं पाणी आणि पाइपलाइन दोन्हीकडे आहे तशी राहणार, वाटपाचा अर्ज कोणी करणार नाही. वकीलताई म्हणतील याला कोर्टात किती किंमत आहे ते बघावं लागेल. आप्पांना त्याची किंमत आहे. एजंटाला त्यांनीच फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, नऊ हजारांत करतो.

गोदाकाठच्या आजोबांचं दत्तकाचं आप्पांना वाचून दाखवलं. "जिवंत पोराला मेलेलं धरायचे होय?" एवढं म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मुलीचे आजोबा अजून नाराज आहेत. पाळकांनी सांगितलंय, नोंदणी झाल्यावर घरी येऊन प्रार्थना करीन, बाप्तिस्म्याची अट त्याला नाही. त्यावर ते काय म्हणतात बघू.

मागच्या सोमवारी नोटीस दिली. मुलगा मृत्युपत्राचा मसुदा घेऊन आला होता, माझ्या वाट्यासाठी. मी त्याला झापलं, लग्नाआधी मृत्युपत्र काय करतोस, आधी पत्रिका छाप. पण कागद ठेवून घेतलाय, कपाटात आहे.

एक राहिलंच. आमच्याकडे लग्नानंतर खंडोबाचं जागरण-गोंधळ असतं, नवरा-नवरीला रात्रभर बसावं लागतं. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, ऐकायला बसेन, पण तळी उचलताना तुम्ही मला आधी सांगा काय म्हणायचं असतं ते, मग ठरवते. जाऊबाई म्हणतात, यात ठरवायचं काय? नगरच्या ताई, तुमच्याकडे हे कसं केलं होतं?